कल्हई आणि मुलामा

वस्तूवर घातलेलें आवरण काढावें कीं काढूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां अगदींच क्षुल्लक दिसतो. करवंटी फोडल्यावांचून खोबरें मिळत नाहीं आणि टरफल सोलल्यावांचून शेंगेंतला दाणा हातीं लागत नाहीं; तेव्हां आवरण हें काढण्याकरितांच असतें, असें कोणी म्हणेल. उलट, घड्याळाची पाठ उघडून आंत फुंकर घालणाऱ्या मुलाच्या पाठींत वडील धपाटा घालतात, तेव्हां आवरण हें न काढण्याकरितांच असतें, असेंही शास्त्र आमच्या घरोघर रूढ आहे. या दोहोंपैकीं खरें कोणतें, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वैशाखांत आमच्यावर आमच्याच घरांत आला. प्रसंग लहान होता व त्यांत गेलेला पैसाही थोडा होता. परंतु त्या निमित्तानें आमच्या मनांतलें जें कांहीं उघडें पडलें तें आम्हांस फारसें सुखावह वाटलें नाहीं, आणि म्हणूनच तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आम्ही सावेडीस राहतों. अहमदनगर शहराचें (२०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) हें उपनगर मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूस वाढलें. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता या भागांत नोकरदार व व्यापारी कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि संगणकाशीं झटापट करणारा एखादा तरुण येथें बहुतेक प्रत्येक इमारतींत सांपडतो. आमच्या घरांत तो मान आमच्या पुतण्याकडे आहे. तो अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. तयार संगणक विकत घेणें त्यास कमीपणाचें वाटतें; म्हणून शिष्यवृत्तीच्या व शिकवणीच्या पैशांतून एकेक भाग जमवून त्यानें आपला संगणक स्वतःच जुळवला. वैशाखांतली आमच्याकडील दुपार कशी असते हें नगरकरांस सांगावयास नको. भिंती तापतात, पंखा ऊन वारा फेंकूं लागतो, आणि मनुष्य जेथें घामाघूम होतो तेथें यंत्राची काय कथा! संगणकाचा मुख्य प्रोसेसर तापतो असें पाहून त्यानें जुना कूलर काढला व एक भला मोठा नवा कूलर आणला.

पेंच येथेंच पडला. त्या कूलरचा पसारा असा कीं, त्याच्या पात्यांचा एक कोपरा रॅमच्या पहिल्या खांचेवर येई. रॅमची पट्टी नुसती उभी केली तर सुमारें ३१ मिलिमीटर उंच भरते, आणि तेवढ्यास कूलरखालीं जागा होती. परंतु त्याच्या पट्ट्यांना दोन्ही अंगांनीं काळे, नक्षीदार, माथ्यावर तुरे काढलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेले होते. या पत्र्यांस हीट स्प्रेडर म्हणतात. पट्टीवरील चिपांची उष्णता सर्वत्र पसरवून हवेंत सोडावी, हें त्यांचें काम. त्या तुऱ्यांमुळें कूलर बसेना. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, हे पत्रे काढूनच टाकतों.” आम्हीं अज्ञ मनुष्याचा ठराविक प्रश्न विचारला, “काढावयाचेच होते तर करणाऱ्यानें ते बसवले कशाला?” तो हंसला, पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हें पुढें दोघांसही कळलें.

पत्रा कशाला, हें समजण्यास त्याखालीं काय आहे तें पाहिलें पाहिजे. रॅम म्हणजे संगणकाची चालती स्मृति. तींतील चिपेंत प्रत्येक अक्षरांशाकरितां एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावर द्वारपाळासारखा एक ट्रान्झिस्टर, अशी रचना असते. कपॅसिटरांत विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. ही युक्ति आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाची. तिचें पेटंट त्यास १९६८ सालीं मिळालें, आणि १९७० सालीं इंटेल कंपनीनें विजेचा भार साठवून स्मृति राखणारी ११०३ नांवाची चिप बाजारांत आणल्यावर अशा स्मृतीचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु या स्मृतींत एक जन्मजात खोड आहे. कपॅसिटरांतला भार हळूहळू गळत असतो, आणि तो पुरता गळून जाण्यापूर्वीं वाचून पुन्हा भरावा लागतो. सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळीची अशी उजळणी एकदां तरी होते. पाढे पाठ करणाऱ्या मुलानें सेकंदाला पंधरा वेळां उजळणी करावी, तेव्हां कोठें त्याचें पाठांतर टिकावें, असा हा प्रकार आहे. त्यांत उष्णता वाढली कीं गळतीही वाढते. चिपेचें तपमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेलें तर उजळणी दुप्पट वेगानें, म्हणजे दर ३२ मिलिसेकंदांत, करावी असा नियम आहे. डोकें तापलें म्हणजे माणसास आठवत नाहीं, हा आपला नित्याचा अनुभव. यंत्राचीही तीच गत पाहून आम्हांस मौज वाटली.

तेव्हां स्मृति थंड राखणें हें काम खरेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, तें काम हा पत्रा करतो काय? आमच्या भाषेंत आवरणाचे दोन प्रकार सांगणारे दोन उत्तम शब्द आहेत: कल्हई आणि मुलामा. पितळेच्या पातेल्यास आंतून कल्हई करतात ती शोभेकरितां नव्हे. ती नसेल तर त्यांतलें ताक किंवा आमटी कळकते आणि खाणाऱ्याच्या जिवावर बेतते. ती भांड्याच्या आंत असते, पाहुण्याच्या नजरेस पडत नाहीं, झिजली म्हणजे पुन्हा करावी लागते. मुलामा याच्या नेमका उलट. तो बाहेरून असतो, पाहणाऱ्याकरितां असतो, आणि पितळेस सोनें म्हणवून घेण्यापलीकडे त्याचा दुसरा उपयोग नसतो. दोन्हीं पातळच थर, दोन्हीं धातूचेच. परंतु एक वस्तूची सेवा करतो व दुसरा वस्तूविषयींच्या समजुतीची.

रॅमवरील पत्र्यानें आपल्या आयुष्याचा आरंभ कल्हई म्हणून केला, ही गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. १९९९ सालच्या सुमारास रॅमबस नांवाची एक नवी पद्धत संगणकांत आली. तींत एका वेळचें सगळें काम पुष्कळदां एकाच चिपेवर पडे. ती एकटीच तापे व तिच्या शेजारणी थंड बसत. अशा वेळीं सर्वांवर एक सलग पत्रा घालून एकीची उष्णता सगळ्यांत वांटून देणें अगदीं योग्य होतें. ती पद्धत थोड्याच वर्षांत मागें पडली, पण पत्रा मागें पडला नाहीं. पुढें जी रॅम घरोघर गेली तिचा विजेचा दाब पिढीगणिक उतरतच आला. पहिल्या डीडीआरला २.५ व्होल्ट लागत. दुसऱ्या पिढीस १.८, तिसरीस १.५, चौथीस १.२ आणि २०२० सालीं ठरलेल्या पांचव्या पिढीस १.१. दाब असा उतरत गेला आणि पत्र्याचे तुरे मात्र चढत गेले! साधी पट्टी साध्या कामांत अवघी दोन-चार वॅट उष्णता टाकते. तिच्या शेजारचा प्रोसेसर त्याच्या कितीतरी पट टाकतो. इतकेंच नव्हे, तर ज्या पट्टीच्या एकाच अंगास चिपा असतात तिच्या कोऱ्या अंगासही जोडीचा दुसरा पत्रा चिकटवतात. ज्या बाजूस तापण्यासारखें कांहींच नाहीं ती बाजू तो कशापासून निववीत असेल, हें त्याचें त्यालाच ठाऊक.

मात्र या पत्र्यांस सरसकट ढोंगी म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. रॅमला नेमून दिलेल्याहून अधिक वेगानें व अधिक दाबानें पळवणारे लोक आहेत. पेटी कोंदट असेल, वारा खेळत नसेल, तर पत्र्याचा थोडाबहुत उपयोग होतो. पांचव्या पिढींत वीज नियंत्रित करणारी एक चिप खुद्द पट्टीवरच आली आहे व तीही तापते. तात्पर्य, आजचा हा पत्रा बहुतांशीं मुलामा असून त्याखालीं कोठें कोठें कल्हईचा अंश उरला आहे. पुतण्याची पट्टी चौथ्या पिढींतली, नेमल्या वेगानें चालणारी. वर मोठ्या कूलरचा वारा. पत्रा काढल्यानें तिचें कांहीं बिघडणार नाहीं, हा त्याचा हिशेब बिनचूक होता, आणि आजही आम्ही तो बिनचूकच मानतों.

आतां अधिकाराचा प्रश्न. पट्टीवर एक बारीक चिठ्ठी चिकटवलेली होती. ती फाटल्यास हमी संपेल, असें तीवर लिहिलें होतें. अशा चिठ्ठ्यांपुढें पुष्कळ लोक देवाच्या अंगाऱ्यापुढें नमावें तसे नमतात. वास्तविक ज्यानें दाम मोजला त्यानें आपल्या मालकीच्या वस्तूंत डोकावूं नये, हें म्हणणें चमत्कारिक आहे. अमेरिकेंत १९७५ च्या एका कायद्याच्या आधारें तेथील व्यापारविषयक आयोगानें २०१८ सालीं सहा कंपन्यांस पत्रें पाठवून, नुसत्या अशा धमकावणीनें हमी हिरावून घेणें बेकायदेशीर ठरूं शकतें, अशी समज दिली. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या अधिकारासंबंधीं एक समिति नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याविषयींची माहिती एकत्र देणारें संकेतस्थळ उघडलें. शिवाय पत्र्याखालीं काय दडलें आहे हें कळण्यांत ग्राहकाचें खरेंच हित असतें. पट्टीवर नांव एकाचें असतें आणि चिपा दुसऱ्याच्याच असतात. जगांत चिपा घडवणारे कारखानदार थोडे आणि पत्र्यांवर आपलीं नांवें छापणारे पुष्कळ. एकाच नांवाच्या, एकाच किंमतीच्या दोन पट्ट्यांखालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपा निघतात, आणि पत्रा काढल्यावांचून त्यांवरील अक्षरें डोळ्यांस दिसत नाहींत.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें ज्या नेवाशास सांगितली गेली तें गांव आमच्याच जिल्ह्यांतलें. त्यामुळें वेदान्ताचा एखादा शब्द बोलण्यांत आला तर तो इकडे परका वाटत नाहीं. वेदान्ती अविद्येच्या दोन शक्ति सांगतात: आवरण आणि विक्षेप. पहिली असलेली वस्तु झांकते व दुसरी नसलेली वस्तु तिच्या जागीं दाखवते. दोरी दिसेनाशी करणें हें पहिलीचें काम आणि तेथें साप उभा करणें हें दुसरीचें. तुरेवाला पत्रा हीं दोन्ही कामें करतो. तो साधी हिरवी पट्टी झांकतो आणि तिच्या जागीं कांहीं तरी वेगवान, बलाढ्य, लढाऊ असें दाखवतो. म्हणून तो काढणें हें अविद्येचा एक लहानसा पडदा दूर करणें आहे, असें म्हणण्यापर्यंत आमची मजल त्या दुपारीं गेली, आणि आम्हीं पुतण्यास उघडउघड उत्तेजन दिलें. पुढें जें झालें त्यांत आमचा वांटा आहे तो असा.

पत्रा काढण्याची रीत अशी आहे. तो खिळ्यांनीं बसवलेला नसून चिपांच्या पाठीवर उष्णतावाहक चिकटपट्टीनें डकवलेला असतो. हेअर ड्रायरनें त्यास हळूहळू ऊब देत राहिलें म्हणजे चिकटा मऊ पडतो. मग एका टोंकाकडून दांत साफ करण्याचा बारीक दोरा घालून, करवतीप्रमाणें मागेंपुढें ओढीत, एकेका चिपेपासून पत्रा सोडवावयाचा. उचलावयाचा नाहीं, उपसावयाचा नाहीं, आणि खालीं स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावयाचा तर मुळींच नाहीं. कारण चिप खालच्या पाटीस डाखाच्या मोहरीहूनही बारीक गोळ्यांनीं धरलेली असते आणि तिच्या भोंवतीं तांदळाच्या कण्यांएवढे सुटे भाग बसवलेले असतात. चिकट्याची पकड त्या डाखाच्या पकडीहून घट्ट असली तर पत्र्याबरोबर चिपच उठून येते. या कामांत बळाला कांहीं किंमत नाहीं. सगळी किंमत थांबण्याला आहे. पहिला पत्रा पुतण्यानें अर्धा तास घेऊन सुरेख सोडवला. त्या यशानें त्याचा धीर वाढला व सबूर सुटली. दुसरा पत्रा पुरता तापण्यापूर्वींच त्यानें बोटानें उचलून पाहिला. “टक्” असा बारीक आवाज झाला. पत्रा हातांत आला, आणि त्याच्या पोटाशीं एक चिप, आईस बिलगलेल्या पोरासारखी, चिकटून आली. पाटीवर तिच्या जागीं नुसत्या ठिपक्यांची रांगोळी उरली.

कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. पट्टीची किंमत कांहीं हजार रुपये. श्रीमंतास ती कांहींच नाहीं, पण शिकवण्या करून पैसे जमवणाऱ्या मुलास पुष्कळ. संध्याकाळीं तो ती पट्टी घेऊन ओळखीच्या एका दुकानीं गेला व परत आला तो उजळ चेहऱ्यानें. दुकानदारानें त्यास युक्ति सांगितली होती. उठलेली चिप जागेवर बसवून दाबावी, नवी चिकटपट्टी लावून दोन्ही पत्रे पुन्हा डकवावे, चिठ्ठी फाटलेली नव्हतीच. आणि “पट्टी चालत नाहीं” एवढेंच लिहून हमीखालीं पाठवून द्यावी. कंपनी उघडून पाहण्याच्या भरीस पडत नाहीं, नवी पाठवते. “सगळे असेंच करतात, काका,” असें म्हणून त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं काय केलें? आम्हीं वर्तमानपत्र उचललें व तोंडासमोर धरलें. आम्ही हो म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं. वाचकहो, नीतीवर चार शब्द लिहिणाऱ्या मनुष्याचें त्या संध्याकाळचें हें शौर्य आम्ही येथें मुद्दाम नोंदवून ठेवीत आहों.

त्या रात्रीं वर्तमानपत्राआड आम्हीं आमच्याशींच जो वाद केला तो असा. पहिला मुद्दा: कंपनी मोठी आहे, तिला एका पट्टीचें काय? परंतु ज्याचें नुकसान व्हावयाचें त्याच्या ऐपतीवर खोट्याचें खरें होत नाहीं. नाहीं तर श्रीमंताच्या घरची चोरी ही चोरीच राहणार नाहीं. शिवाय अशा बदलून दिलेल्या वस्तूंचा खर्च कंपनी पदरचा करीत नाहीं. तो पुढच्या मालाच्या किंमतींत मिळवते. म्हणजे तो शेवटीं भरणारा कोणी दुसऱ्या गांवचा, शिकवण्या करून पैसे जमवणारा असाच एखादा मुलगा असतो. दुसरा मुद्दा अधिक धारदार होता: कंपनीनेंच आधीं फसवलें. काम नसलेला पत्रा लावून तिनें मुलामा विकला. मग आम्हीं तोच पत्रा लावून तिला मुलामा परत केला, तर फिटंफाट झाली. या युक्तिवादानें आमचें मन कांहीं वेळ खरोखर जिंकलें होतें. परंतु त्यांतलें वैगुण्य असें कीं, पत्रा मुलामा आहे असें म्हणून ज्यानें तो सत्याच्या नांवानें काढला, त्यानेंच तो असत्याच्या सोयीकरितां पुन्हा लावावा, हें त्याच्याच तोंडानें त्याचें खंडन आहे. दुपारीं तो पत्रा आमच्या लेखीं अविद्या होता. संध्याकाळीं आम्ही त्याच अविद्येचे दुकानदार व्हावयास निघालों होतों. आवरण घालून तुटलेली चिप झांकावयाची आणि विक्षेप करून धड पट्टी दाखवावयाची: वेदान्ताचें उदाहरण इतकें तंतोतंत जुळेल, असें दुपारीं वाटलें नव्हतें.

तिसरा मुद्दा हमीचा. हमी म्हणजे करणाऱ्याचें वचन: “माझ्या हातून यांत उणें राहिलें असेल तर तें मी भरून देईन.” तें वचन त्याच्या हातापुरतें आहे, आमच्या हातापुरतें नाहीं. चिठ्ठी फाटली म्हणून त्यानें वचन मोडूं नये, हें आम्ही त्यास बजावून सांगूं. त्याच न्यायानें चिठ्ठी शाबूत आहे म्हणून आम्हीं आमची चूक त्याच्या पदरांत घालूं नये, हेंही ओघानेंच आलें. वस्तु उघडण्याचा अधिकार मागणारा मनुष्य एक मोठी गोष्ट मागत असतो. “मला अजाण समजूं नका, ही वस्तु माझी आहे, तिचें बरेंवाईट मी जाणतों,” असें तो म्हणतो. मग बरें झालें तर माझ्या हातचें आणि वाईट झालें तर कारखान्याचें, असें त्यास कसें म्हणतां येईल? जो परिणाम आपला म्हणावयास तयार नाहीं त्यानें वस्तु तरी आपली कां म्हणावी? चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या कंपन्यांचें म्हणणें हेंच आहे कीं, ग्राहक आंत हात घालतो, बिघडवतो आणि खोटें बोलतो. पत्रा पुन्हा डकवून पाठवलेली प्रत्येक पट्टी ही त्यांच्या बाजूची साक्ष आहे, आणि प्रामाणिकपणें उघडूं पाहणाऱ्या पुढच्या मनुष्याचा अधिकार तितका कमी करणारी आहे.

इतकें झालें तरी हा सगळा बुद्धीचा खटाटोप होता, आणि बुद्धीनें ठरलेली गोष्ट सकाळपर्यंत टिकतेच असें नाहीं. ती टिकली याचें कारण एक जुनी आठवण. आमच्या लहानपणीं जुन्या नगरांत आमच्या दारीं वर्षांतून एकदोनदां कल्हईवाला येई. अंगणांत खड्डा खणून तो भाता बसवी, भांडें तापवी, नवसागराची चिमूट टाकी, कथलाची कांडी फिरवी व कापसाच्या बोळ्यानें एका हातासरशी आंतून चांदणें पसरी. एकदां आमच्या आईनें एक मोठें पातेलें त्याच्यापुढें ठेवलें. त्यानें तें घासलें, उन्हाकडे धरून आंत पाहिलें, आणि तसेंच खालीं ठेवलें. “बाई, बुडाला भोंक आहे. कल्हईनें तें झांकेल, तुम्हांला आज दिसायचं नाहीं. पण आठ दिवसांनीं आमटी चुलींत जाईल. आधीं डाख देऊन घ्या, मग मी कल्हई करतों.” त्या दिवशींचे त्याचे पैसे बुडाले. कल्हईनें भोंक झांकतां येतें हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पण ज्या थराचें काम भांडें राखणें तो थर भोंक लपवण्याकडे लावला, तर कल्हईचाच मुलामा होतो, हेंही त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हतें. आवरणाचा धर्म धातूवरून ठरत नाहीं, तें घालणाऱ्याच्या हेतूवरून ठरतो, हें आम्ही ग्रंथांत पुढें वाचलें. पाहिलें मात्र त्या अंगणांत.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं पुतण्यास ती आठवण सांगितली, आणि काल आम्हीं वर्तमानपत्राआड तोंड लपवलें तेंही सांगितलें. उपदेश केला नाहीं. त्याचा अधिकार आदल्या संध्याकाळीं आम्हीं गमावलाच होता. पत्रा काढण्यास उत्तेजन आमचें होतें, म्हणून अर्धी किंमत आम्ही देऊं, एवढें मात्र म्हटलें. तो बराच वेळ बशींत पाहत राहिला. “काका, पण खरं लिहिलं तर ते नाहीं म्हणणार,” असें तो म्हणाला. “म्हणणारच,” आम्हीं म्हटलें. त्यानें कंपनीस पत्र लिहिलें तें आम्हांस दाखवलें: पत्रा आपण स्वतः काढला, घाईनें काढला, चिप उठली, पैसे घेऊन दुरुस्त होत असेल तर कळवावें. चार दिवसांनीं सभ्य नकार आला. न्यायानें पाहतां त्या नकाराविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणतां येत नाहीं. सत्य बोलल्याबद्दल बक्षीस मिळाल्याच्या गोष्टी आम्ही शाळेंत पुष्कळ वाचल्या होत्या. ही तशी गोष्ट नाहीं.

दुसरी पट्टी त्यानें आषाढांत उघडली. पाऊस पडून हवा निवाली होती, आणि तोही निवाला होता. या खेपेस त्याला सबंध दुपार लागली. दोरा दोनदां तुटला. तरी त्यानें पत्रा एकदांही उचलून पाहिला नाहीं. शेवटीं पत्रा आपण होऊन सुटावा तसा सुटला, आणि खालीं आठही चिपा जागच्या जागीं होत्या. ती उघडी पट्टी आज त्या मोठ्या कूलरखालीं बिनबोभाट चालत आहे. तिला तुरा नाहीं, नक्षी नाहीं, हमीही नाहीं. जें कांहीं बरेंवाईट होईल तें त्याचें आहे, आणि हें त्याला ठाऊक आहे.

तेव्हां आवरण काढावें कीं काढूं नये, या आरंभींच्या प्रश्नाचें आमच्यापुरतें उत्तर असें: तें कल्हई आहे कीं मुलामा, हें आधीं शक्य तितकें जाणून घ्यावें, मुलामा असेल तर खुशाल काढावें, पण जें हातून मोडेल तें झांकण्याकरितां तोच मुलामा पुन्हा उचलावा लागेल इतकें दुबळें मन असेल, तर त्या मनुष्यानें वस्तूस हात लावूं नये. उघडण्यास कौशल्य लागतें, आणि उघडें राहण्यास त्याहून थोडें अधिक कांहीं लागतें. मोडलेली पट्टी आम्हीं आमच्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली आहे. तिच्यावर सात चिपा आहेत, आणि आठवीच्या जागीं ठिपक्यांची रांगोळी. वर्तमानपत्र उचलतांना ती हल्लीं प्रथम दृष्टीस पडते.